रशियन बराकी बघायला निघालात? या चुका टाळा

मार्च संपून ऊन पडायला लागलं की मला निरोप येऊ लागतात. "दादा, त्या जंगलातल्या रशियन बराकींचं लोकेशन टाका ना, शनिवारी जाऊन येतो." बर्लिनमध्ये शिकायला नाहीतर नोकरीला नवीन आलेली आपलीच मुलं असतात. सह्याद्रीत भटकलेली, पायांत दम असलेली, गळ्यात चांगला कॅमेरा. मी लोकेशन टाकत नाही, फोन करतो आणि अर्धा तास बोलतो. दर वर्षी तेच तेच सांगून कंटाळलोय, आणि दर वर्षी कुणीतरी तीच चूक करून पाय मोडून घेतोय. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

जागा आधी समजून घ्या. फोगेलझांग हे ब्रांडनबुर्ग राज्यातलं, त्सेडेनिक या छोट्या शहराजवळचं खेडं. बर्लिनहून टेम्प्लिनकडे जाणारी लोकल तिथे थांबते. गावापलीकडच्या पाइनच्या जंगलात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत सैन्याने छावणी वसवली. शाळा, नाट्यगृह, व्यायामशाळा, दुकानं, बॉयलरघर, रणगाड्यांच्या शेड असं सगळं होतं. भरात असताना तिथे सुमारे १५ हजार माणसं राहत. १९५९ मध्ये इथे आणि जवळच्या फ्युर्स्टनबर्गला आर-५एम जातीची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं आणून ठेवली होती. सोव्हिएत संघाच्या बाहेर अशी क्षेपणास्त्रं तैनात व्हायची ती पहिलीच वेळ, आणि त्याच वर्षी ती परत नेली. पुढे दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि सैन्य टप्प्याटप्प्याने घरी निघालं. ३१ ऑगस्ट १९९४ ला ही माघार पूर्ण झाली. सैनिक आणि त्यांची कुटुंबं मिळून पाच लाखांच्या आसपास माणसं गेली आणि मागे रिकाम्या छावण्या राहिल्या. व्युन्सडोर्फ, युटरबोग, फोगेलझांग अशी कितीतरी नावं आहेत. फोगेलझांगच्या बऱ्याच इमारती आता पाडल्यात. उरलेल्यांच्या गच्चीवर बर्चची झाडं उभी आहेत.

सगळ्यात मोठी चूक: डोळा कॅमेऱ्यात आणि पाय चालू

मुलांना वाटतं धोका इमारतीच्या आत आहे. छत कोसळेल, जिना तुटेल, म्हणून आत जाताना सगळे जपून पाय टाकतात. बाहेर मोकळ्यावर आले की निर्धास्त होतात. मी पाहिलेले बहुतेक अपघात बाहेरच झालेत.

कारण साधं आहे. सैन्य गेलं आणि भंगारवाले आले. तांब्याच्या तारा गेल्या, रेडिएटर गेले, जिन्यांचे कठडे कापून नेले, आणि गटारांची, पाण्याच्या टाक्यांची, व्हॉल्व्हच्या खड्ड्यांची बिडाची झाकणंही गेली. छावणी म्हणजे एक शहरच होतं, त्यामुळे अशी भोकं शेकड्यांनी असणार. त्यावर तीस वर्षांचा पाचोळा साचला, त्यावर शेवाळ आलं, शेवाळावर गवत. वरून बघाल तर बागेतली हिरवळ वाटते.

एका ऑक्टोबरात आम्ही तिघं गेलो होतो. आमच्यातला एक कोल्हापूरचा, नवीन रुंद लेन्स घेऊन आलेला. नाट्यगृहासमोर वाटेच्या कडेला उभे होतो. आत जायचा विचारही नव्हता. त्याला दर्शनी भाग पूर्ण फ्रेममध्ये हवा होता आणि बसत नव्हता. डोळा कॅमेऱ्याला लावून तो एकेक पाऊल मागे सरकत होता. मी शेजारी उभा राहून त्याच्या स्क्रीनकडे बघत होतो आणि म्हणालो, "अजून थोडं मागे." त्याने अजून थोडं मागे घेतलं आणि तो दिसेनासाच झाला.

पूर्ण गेला नाही हे नशीब. पाठीवरची सॅक खड्ड्याच्या कडेला अडकली आणि दोन्ही कोपरं बाहेर राहिली. काखेपर्यंत जमिनीत रुतलेला माणूस आणि वर नुसता चेहरा. तो ओरडला नाही. हळू आवाजात एवढंच म्हणाला, "खाली काही लागत नाहीये रे." आम्ही दोघं पोटावर आडवे झालो, सॅकचे पट्टे धरले आणि त्याला ओढून काढलं. नडगी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोलून निघाली होती. नंतर टॉर्च मारून पाहिलं. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल विहीर, तळाला काळं पाणी, आणि भिंतीतल्या लोखंडी पायऱ्या गंजून अर्ध्यावर तुटलेल्या. त्या टोकांवर पडला असता तर काय झालं असतं याचा विचार मी आजही टाळतो. "अजून थोडं मागे" हे शब्द माझे होते.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. पाय चालू असतील तर कॅमेरा सॅकमध्ये. कॅमेरा हातात असेल तर पाय जिथे आहेत तिथेच. फ्रेम बसत नसेल तर कॅमेरा खाली घ्यायचा, वळायचं, जमीन बघत पुढे जायचं, थांबायचं आणि मग परत डोळा लावायचा. उलटं चालायचं नाही, अर्धं पाऊलसुद्धा नाही.

आणि माझ्या हातात काठी असते. ट्रेकिंगवाली चकचकीत काठी नाही, जंगलात सापडलेली मनगटाएवढी जाड फांदी. माझे आजोबा रात्री उसाला पाणी द्यायला निघाले की बांधावर काठी आपटत जायचे. ते सापासाठी आपटायचे, मी पोकळ आवाजासाठी आपटतो. घट्ट जमीन 'थप' वाजते. पाचोळ्याखाली भोक असेल तर काठी आत जाते आणि गंजका पत्रा असेल तर वेगळाच खण्ण आवाज येतो. दोन बराकींच्या मध्ये गवतातून सरळ पट्टा गेलेला दिसला तर तिथे जास्त जपा. बॉयलरघरातून बराकींकडे गरम पाण्याचे पाइप नेणाऱ्या काँक्रीटच्या नाल्या असतात, आणि त्यांवरच्या फरश्या जागोजागी फुटलेल्या असतात. काठी आपटत गेलं की वेग निम्मा होतो. पुष्कळ मुलांना हे सहन होत नाही, कारण दोन तासांत सगळं 'कव्हर' करायचं असतं. ज्याला घाई आहे त्याला मी सोबत नेत नाही.

उजाड आहे म्हणून बेवारस नाही

"कुणीच तर राहत नाही, मग परवानगी कुणाची घ्यायची?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की उत्तर पाठ झालंय. प्रत्येक पडक्या भिंतीला मालक आहे. राज्य सरकार असेल, नगरपालिका असेल, एखादी खासगी कंपनी असेल. कुंपण घातलेल्या जागेत विनापरवाना शिरणं हा जर्मन दंडविधानाच्या कलम १२३ खाली गुन्हा आहे. दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. मालकाने तक्रार केली तर खटला होतो. कुंपणाला आधीच कुणीतरी भोक पाडलंय म्हणून आपण आत गेलो, हे तिथे चालत नाही. आपण परक्या देशात परवान्यावर राहतो. एका फोटोसाठी पोलिसांच्या कागदावर नाव चढवून घेणं मला परवडत नाही.

आपल्याकडे पुरंदरला इंग्रजांच्या पडक्या बराकी आहेत. तिथे वर जाताना लष्कराच्या चौकीवर ओळखपत्र दाखवतो, नाव लिहितो आणि वेळेत खाली येतो. तिथे आपल्याला त्याचं काही वाटत नाही. इथेही तेवढंच करायचं आहे.

मी नगरपालिकेला जर्मनमध्ये चार ओळींची ईमेल लिहितो. मी कोण, कधी येणार, फक्त फोटो काढायचेत, इमारतीत शिरणार नाही. निम्म्या वेळा उत्तर येत नाही, मग मी सार्वजनिक वाटेवरून जे दिसेल तेवढंच बघतो. एकदा वनखात्याच्या माणसाने स्वतः सोबत येऊन दोन तास फिरवलं होतं. त्या दोन तासांत जे कळलं ते आधीच्या चार फेऱ्यांत कळलं नव्हतं. कुठल्या इमारतीत कोण राहायचं, कुठली वाट रणगाड्यांनी खणलेली, कुठे घुबड अंडी घालतं.

आत जाऊनच बघायचं असेल तर पैसे मोजून बघा. व्युन्सडोर्फला, जिथे सोव्हिएत सैन्याचं पूर्व जर्मनीतलं मुख्यालय होतं, तिथल्या बंकरांच्या सहली वाटाड्यासोबत होतात. बेलित्झचं जुनं लष्करी रुग्णालयही तसंच बघता येतं, शिवाय २०१५ पासून तिथे झाडांच्या शेंड्यांतून जाणारा उंच पूल आहे. त्यावरून पडक्या इमारती थेट वरून दिसतात. नव्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. "ते टुरिस्टांसाठी आहे" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी इथली पाटी वाचायलासुद्धा वेळ काढलेला नसतो.

पाट्यांवरून आठवलं. 'बेट्रेटन फरबोटन' म्हणजे प्रवेश बंद, हे सगळ्यांना येतं. 'लेबन्सगेफार' म्हणजे जिवाला धोका. आणि जिथे 'कांपफमिटल' किंवा 'मुनिशन' हा शब्द दिसेल तिथून वाट सोडून एक पाऊलही बाजूला टाकायचं नाही. जमिनीत दारूगोळा असल्याचा तो इशारा आहे. या भागात उन्हाळ्यात वणवे लागतात तेव्हा अग्निशमन दलाचे लोकसुद्धा अशा जंगलात शिरत नाहीत, लांबून पाणी मारतात. ज्यांचं कामच आगीत शिरायचं आहे ते थांबतात, तर आपण कोण?

काहीतरी सापडलं म्हणून उचललं

माझ्या रागाचं दुसरं कारण हे.

एक नवा मुलगा बरोबर आला होता. हुशार, शांत, सगळं ऐकून घेणारा. जेवायला बसलो तेव्हा त्याने खिशातून वस्तू काढून पुढे केली. "दादा, हे बघा काय मिळालं." अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, गंजाचे पापुद्रे सुटलेली नळी आणि एका टोकाला पितळी बोंडूक. सकाळपासून ती त्याच्या पँटच्या खिशात होती. त्याला म्हटलं, हलू नकोस. शेजारच्या सपाट वाळूत ती हळूच ठेवायला लावली, जागा लक्षात ठेवली, सगळ्यांना शंभरेक पावलं मागे नेलं आणि ११० लावला. पोलीस यायला पाऊण तास गेला. त्यांच्या माणसाने लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि उचलून दाखवलं. जुन्या पाण्याच्या नळाचा भाग होता.

मुलगा शरमेने लाल झाला. पोलिसाने मात्र त्याच्याशी हात मिळवला आणि सांगितलं की पुढच्या वेळीही असाच फोन करा, फक्त आधी उचलू नका. ती गंजकी वस्तू नळ आहे की बॉम्ब उडवणारा फ्यूज, हे त्याला खिशात टाकताना कळलं नव्हतं. मलाही कळलं नसतं, वीस फेऱ्या करूनही.

बाल्टिक किनाऱ्यावर, पेनेम्युंडेच्या बाजूला तर याहून फसवा प्रकार आहे. पेनेम्युंडे म्हणजे जिथे व्ही-२ रॉकेट बनलं आणि ज्यावर ब्रिटिशांनी ऑगस्ट १९४३ मध्ये बॉम्ब टाकले ते गाव. त्या बॉम्बमधला पांढरा फॉस्फरस अजून वाळूत येतो. ओला असताना तो हुबेहूब अंबरसारखा, म्हणजे झाडाच्या डिंकाचा दगड होऊन बनलेल्या खड्यासारखा दिसतो, पिवळसर आणि गुळगुळीत. माणूस खिशात टाकतो. खिशात तो सुकतो, अंगाच्या उबेने तापतो आणि आपोआप पेटतो. १,३०० अंशांपर्यंत जळणारी ती आग पाण्याने नीट विझत नाही. तिथे अंबर शोधणाऱ्यांना सांगतात की खडा खिशात ठेवू नका, पत्र्याच्या डबीत ठेवा आणि डबी अंगापासून लांब ठेवा. मी त्याहून सोपं करतो, काहीच उचलत नाही.

स्फोटक नसलेली वस्तूही उचलू नका. बराकींच्या भिंतींवर वॉलपेपरखाली जुनी रशियन वर्तमानपत्रं अस्तर म्हणून चिकटवलेली असतात. पोपडा सुटला की तारीख दिसते, एखादा फोटो दिसतो. लोक ते फाडून नेतात आणि घरी नेईपर्यंत त्याचा चुरा होतो.

अक्षरओळख न करता जाणं

हे कुणी चूक मानत नाही, मी मानतो. रशियन लिपीत ३३ अक्षरं आहेत. देवनागरी शिकलेल्या माणसाला एक आठवडा पुरे, रोज लोकलमध्ये वीस मिनिटं. भाषा यायची गरज नाही. 'स्तोय' म्हणजे थांब. 'स्तलोवाया' म्हणजे खानावळ. 'मिनी' लिहिलेलं दिसलं तर ते सुरुंग आहेत, इंग्रजीतलं मिनी नव्हे.

आणि मग विटांवरचं वाचता येतं. एका बराकीच्या मागच्या भिंतीवर, उन्हाच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर विटांत कोरलेली अक्षरं आहेत. 'दे-एम-बे', पुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे, खाली गावाचं नाव. दे-एम-बे म्हणजे सैन्यातून सुटका. सक्तीची दोन वर्षं संपवून घरी जाणारा मुलगा ते कोरायचा. अठरा-वीस वर्षांची पोरं. मी बोट फिरवून पाहिलंय. काहींची रेघ खोल आणि सरळ आहे, वेळ घेऊन केलेली. काहींची अर्ध्यावर सुटलेली, बहुधा कुणीतरी आलं असावं. अक्षरं येत नसतील तर माणूस त्या भिंतीला टेकून वडापाव खातो आणि निघून जातो. असं होताना मी पाहिलंय.

गावातल्या माणसाशी कसं बोलता?

जर्मनमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे आहेत हे आपल्याला कुणी शिकवायला नको, आपल्या भाषेतही आहेत. तरी बर्लिनच्या ऑफिसात सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात म्हणून आपली मुलं खेड्यातल्या सत्तरीच्या आजोबांनाही 'डू' म्हणून हाक मारतात. आपल्या गावी कुणी अनोळखी पोराने येऊन आपल्या आजोबांना "ए, इकडे ये" म्हटलं तर कसं वाटेल? 'झी' म्हणा, आधी नमस्कार करा, आपण कुठून आलो ते सांगा. त्सेडेनिकच्या एका आजींनी मला बाकावर बसवून घेतलं होतं. रशियन 'मागाझिन'मध्ये, म्हणजे छावणीच्या दुकानात, त्यांना काय काय मिळायचं ते सांगत होत्या. आजूबाजूच्या लोकांनाही तिथे खरेदीला जाता यायचं म्हणे. त्यांच्याकडूनच कळलं की पावसानंतर कुठली वाट बुडते.

बाकी थोडक्यात

नकाशात नुसतं 'फोगेलझांग' टाकू नका. त्याच नावाची नाझींची मोठी वास्तू आयफेलच्या डोंगरात बेल्जियमच्या सीमेजवळ आहे, देशाच्या दुसऱ्या टोकाला. एकाने तिथलं हॉटेल बुक केलं होतं.

तळघरात जाऊ नका. साचलेलं काळं पाणी टॉर्चच्या उजेडात फरशीसारखं दिसतं आणि बंद जागेतली हवा कशी आहे ते नाकाला कळत नाही. शिवाय १ ऑक्टोबर ते ३१ मार्च तिथे वटवाघळं झोपलेली असतात. त्या काळात त्यांच्या जागेत शिरायला कायद्याने बंदी आहे. मध्येच जागं झालेलं वटवाघूळ साठवलेली चरबी जाळून बसतं आणि वसंतापर्यंत टिकत नाही.

लाकडी जमिनीवर पाय ठेवू नका, मग वाटाड्या सोबत असो वा नसो. व्यायामशाळेची तर नकोच नको. वरून लिनोलियम, खालून भुसा.

राखाडी पन्हाळी पत्रे फुटलेले दिसले तर लांबून जा, त्यात ॲस्बेस्टॉस असतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

जंगलात सिगारेट बारा महिने बंद.

गोचीड. पायमोजे पँटवर ओढून घ्या, घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला बघा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, हळू ओढा. गावाकडे गुरांना लावतात तसं तेल किंवा रॉकेल लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत चावल्या जागी लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोचिडीने होणाऱ्या मेंदूज्वराची लस मिळते, मी घेतली आहे.

नेटवर्क धरून चालू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या. वाटेवर हिरव्या पाटीवर पांढऱ्या क्रॉसशेजारी आकडा लिहिलेला दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा. जंगलातून ११२ लावलात की रुग्णवाहिकेला तुम्ही कुठे आहात ते त्या आकड्यावरून कळतं. कोल्हापूरच्या मित्राला आम्ही खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत आणलं, कारण अशी पाटी आम्ही पाहिली होती पण कुणीच आकडा लिहून घेतला नव्हता.

परतीच्या गाडीची वेळ कागदावर लिहा. डिसेंबरात चारच्या आधीच अंधारतं, म्हणून मी दोनला पाठ फिरवतो.

एकटं जाऊ नका. दोघंही नको, तिघं हवेत. एक पडला तर एक जवळ थांबतो आणि एक मदतीला जातो.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मी जाणार आहे, वाटेवरूनच, इमारतींच्या बाहेरून. चौघांची जागा आहे. घोट्याच्या वर येणारे बूट घाला. काठी तिथेच मिळेल, दाखवीन कशी निवडायची ते.